गेले म्हणजे कुठे गेले?

आमच्या घरी पत्र्याचा एक डबा आहे. मुळात तो बिस्किटांचा. पण गेल्या बारा वर्षांत त्यात कोणी बिस्किट म्हणून पाहिलेले नाही. त्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, औषधे असत. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याला चोळायचे मलम, खोकल्याचे अर्धवट संपलेले औषध, आणि डॉक्टरांनी दहा लिहून दिल्यावर सहा घेऊन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ठेवून दिलेल्या चार अँटिबायोटिक गोळ्या. ज्या घरात म्हातारे माणूस आहे, त्या घरात असा डबा असतोच. तुमच्याही घरी असेल.

दोन वर्षांपूर्वी माघात अण्णा गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी तो डबा माझ्या नजरेस पडला. माणूस गेल्यावर त्याची काठी पाहवते, चष्मा पाहवतो. पण औषधे पाहवत नाहीत. कचऱ्यात टाकावीत तर कोणाच्या हाती लागतील, काय सांगावे! म्हणून मी मोरीत पाटावर बसलो, एकेक गोळी पाकिटातून सोडवली, बाटली उपडी केली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतले. पाच मिनिटांत सारे डोळ्यांआड झाले. आपण मोठे जबाबदारीचे काम केले, असेही मला त्या वेळी वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली. वर्षाच्या आतले घर. आम्ही फराळ केला नव्हता, तिनेच डबा भरून आणला होता. बरोबर माझा भाचा होता. हा पदार्थविज्ञान शिकला आणि आता पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करतो. त्याचे डोके दुखत होते, म्हणून त्याने तो पत्र्याचा डबा मागितला.

“डबा आहे, पण रिकामा,” मी म्हणालो. “अण्णांची औषधं मी टाकून दिली.”

“कुठे टाकलीत, मामा?”

“मोरीत.”

“आणि मोरीतून?”

मी मराठीचा प्राध्यापक. ‘जाणे’ या क्रियापदाच्या अर्थच्छटांवर मी वर्गात तासभर बोलू शकतो. पण ‘मोरीतून गेले म्हणजे कुठे गेले’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मोरी ते चंद्रभागा

उत्तर भाच्यानेच दिले. फराळाच्या ताटाशेजारी बोटाने रेघ काढत तो म्हणाला, “ही तुमची मोरी. इथून गटार. गटारातलं पाणी काही शुद्ध होऊन, काही तसंच, मुठेत. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात. उजनीतून सोलापूरला प्यायला पाणी. आणि उजनीच्या खाली नदीवरचं पहिलं मोठं गाव कोणतं?”

हा प्रश्न कोणत्याही मराठी माणसाला विचारायची गरज नाही. भीमा पंढरपूरला वळते, आणि त्या वळणावर तिला चंद्रभागा म्हणतात.

अण्णा वारकरी होते. पाय चालत होते तोवर त्यांची आषाढी चुकली नाही. आई इतका वेळ कोपऱ्यात वाती वळत होती. तिने मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, “म्हणजे ह्यांची औषधं ह्यांच्या मागोमाग पंढरीला गेली म्हणायची.”

कोणी हसले नाही.

माझा चेहरा पाहून भाच्याने समजूत घातली. “मामा, तुम्ही ओतल्यात त्या चाळीस-पन्नास गोळ्या. पण आजोबांनी बारा वर्षं ज्या नेमानं घेतल्या, त्या तरी कुठे गेल्या?” साखरेसाठी जगभर दिले जाणारे मेटफॉर्मिन घ्या. ते शरीरात मोडत नाही. आपले काम करते आणि जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. गुडघ्याला चोळलेल्या मलमातले थोडेसे औषध कातडीत मुरते. उरलेले बरेचसे सकाळच्या अंघोळीबरोबर वाहून जाते. म्हणजे औषध टाकणारा दोषी आणि घेणारा निर्दोष, असा हा मामला नाही. ज्याने औषध घेतले, त्याच्या मोरीतून ते नदीत निघाले आहेच. आणि औषध घेऊ नका, असे तर कोणी म्हणणार नाही.

कणभर औषधाचा मणभर परिणाम

“पण एवढ्या नदीत एवढंसं औषध! त्याचं काय होणार?” हा प्रश्न माझ्या सौभाग्यवतींनी विचारला, आणि तो रास्त होता.

याचे उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने दिले आहे. ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्येला संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे उन्हाळ्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम एक औषध सोडले. संततिनियमनाच्या गोळीत असते ते स्त्री-संप्रेरक. प्रमाण किती? लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. म्हणजे साधारण वीस कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम! तेवढ्याने तिथल्या एका जातीच्या लहान माशांतले नर बाईपणाच्या खुणा दाखवू लागले. अंड्यात असते ते प्रथिन नरांच्या अंगात तयार होऊ लागले. पुढे पिल्ले होईनाशी झाली आणि ती जात त्या तळ्यातून जवळजवळ संपली. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. औषध सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले, हा त्यातला दिलासा. पण नदीला तसे ‘आता थांबा’ कोण म्हणणार?

त्याच २००७ साली दुसरा एक अहवाल आला, आणि तो आपल्या देशातला होता. हैदराबादजवळ पटनचेरू येथे औषधांचे पुष्कळ कारखाने आहेत. सुमारे नव्वद कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध होत असे. केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडलेले पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. आकड्याने बोध होत नसेल तर असे समजा: १६ लिटरची एक बादली भरली, की तिच्यात पाचशे मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी! ज्याला हे औषध दिले आहे त्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. त्या केंद्रातून दिवसाला अंदाजे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सॅसिन वाहत होते, असा त्यांचा हिशेब होता.

अशा पाण्यात सारे जंतू मरत नाहीत. जे चिवट असतात ते उरतात, वाढतात, आणि आपला चिवटपणा शेजारच्या जंतूंनाही देतात. मग केव्हातरी तुमच्या-माझ्या मुलाला ताप येतो, डॉक्टर औषध लिहून देतात, आणि ते लागू पडत नाही. नदीत गेलेले औषध असे परत घरी येते.

पोटात न विरघळणारे

नगरपालिकेची शुद्धीकरण केंद्रे मग काय करतात? त्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. या केंद्रांत मुख्य काम करतात ते जंतूच. मोठ्या हौदांत हवा सोडून त्यांना पोसायचे. ते आपल्या सांडपाण्यातला भात, वरण, साबण, मैला खाऊन टाकतात. शंभर वर्षांहून जुनी आणि मोठी उपकारक अशी ही युक्ती आहे. पण औषध म्हणजे वरणभात नव्हे. पोटातल्या आम्लात टिकावे, यकृतातून जाताना मोडू नये, अशाच हिशेबाने ते बनवलेले असते. जे आपल्या जठराला दाद देत नाही, ते त्या बिचाऱ्या जंतूंना काय दाद देणार! काही औषधे ते मोडतात. आयबुप्रोफेन त्यांना बऱ्यापैकी पचते. पण फेफऱ्यावर देतात ते कार्बामाझेपिन केंद्रात जेवढे शिरते, जवळजवळ तेवढेच बाहेर पडते. चोळायच्या मलमातले डायक्लोफेनॅकही पुष्कळदा निसटते.

डायक्लोफेनॅक हे नाव लक्षात ठेवा. गुरांना हे औषध देत, आणि मेलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. कारण उमगले २००४ साली. गुरांसाठी या औषधावर बंदी आली २००६ साली. तोवर लाखो गिधाडे नाहीशी झाली होती. तिथे वाट पाण्याची नव्हती; पण शरीरातले काम संपल्यावर औषध संपत नाही, हा धडा तोच.

डबीत कोंडलेली वीज

पुढच्या जानेवारीत भाच्याने मला त्याची प्रयोगशाळा दाखवली. प्रयोगशाळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काही भव्य होते. पाहिले ते असे: टेबलावर काचेच्या दोन नळ्या, एकीत एक बसवलेल्या. दोन्हींच्या मधल्या पोकळीत हवा आणि पाण्याचा पातळ पापुद्रा. दोन्ही बाजूंना धातूची पट्टी, आणि तारांचे एक खोके. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. त्या खोक्यातून ती काही हजार व्होल्टची होऊन निघते.

भाच्याने आत नीळ घालावी तसे निळे पाणी सोडले आणि कळ दाबली. बारीक सळसळ झाली आणि नळीत जांभळट उजेड नाचू लागला. नाकाला एक उग्र, ओळखीचा वास आला. वळवाच्या पावसात जवळ वीज चमकून गेल्यावर कधी कधी येतो, तो. तो वास ओझोनचा. ओझोन या नावाचा मूळ ग्रीक अर्थच ‘वास येणारा’ असा आहे. हा शब्दार्थ सांगताना तेवढ्यापुरता मी पुन्हा प्राध्यापक झालो.

“हा प्लाझ्मा,” भाचा म्हणाला.

घरी आल्यावर हे सांगितले तेव्हा आईला करोनाच्या साथीतला, रोग्यांना देत तो रक्तातला प्लाझ्मा आठवला. तिची गफलत अगदीच निराधार नव्हती. १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी विजेने भारलेल्या वायूला हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात रक्तातला प्लाझ्माच होता, असे त्यांच्या सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे. रक्तातला द्रव जसा पेशी वाहून नेतो, तसा हा वायू विद्युत्कण वाहून नेतो.

आपल्या पंचमहाभूतांच्या भाषेत सांगायचे तर पृथ्वी म्हणजे घन, आप म्हणजे द्रव, वायू म्हणजे वायू, आणि तेज म्हणजे प्लाझ्मा. बर्फाला उष्णता दिली की पाणी, पाण्याला दिली की वाफ. आणि वायूला पुरेशी शक्ती दिली की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. तो प्लाझ्मा. सूर्य म्हणजे प्लाझ्माच, आभाळातली वीज म्हणजे प्लाझ्मा, आणि घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही तोच. ट्यूबलाइटला हात लावला तर भाजत नाही. कारण आत फक्त इलेक्ट्रॉन विलक्षण तापलेले असतात, बाकीचा वायू जवळजवळ थंडच. भाच्याच्या नळीतही तेच. पाणी उकळत नाही आणि काम मात्र होते.

काम करतो कोण? ते तापलेले इलेक्ट्रॉन हवेला आणि पाण्याला धडकतात. त्यातून ओझोन होतो, हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि सर्वांत जहाल असा हायड्रॉक्सिल होतो. हायड्रॉक्सिल म्हणजे पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन निघून गेल्यावर उरलेला तुकडा. जोडीदार हरवलेला हा तुकडा इतका पिसाळलेला असतो, की समोर जे येईल त्याचा लचका तोडून स्वतःला पुरे करतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी. पण तेवढ्यात औषधाच्या रेणूची बळकट कडी तो फोडतो. क्लोरिन आणि ओझोन हेही असेच फोडणारे, पण हायड्रॉक्सिलपुढे दोघेही मवाळ. आणि हा जन्मतो पाणी आणि हवा यांच्यातूनच. बाहेरून रसायन आणून ओतायला नको.

पाहता पाहता निळे पाणी फिकट झाले, मग स्वच्छ. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

“थांबा, मामा,” भाचा म्हणाला. “रंग गेला. पण गेला म्हणजे कुठे गेला?”

रंग गेला तरी

त्या मुलाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. स्वतःच्या प्रयोगाची जाहिरात करायची सोडून त्याने मला त्याच्या उणिवा ऐकवल्या.

पहिली उणीव ही, की रंग उडाला म्हणजे रेणू मोडला, एवढेच सिद्ध होते. मोडून त्याचे तुकडे झाले, आणि ते तुकडे निरुपद्रवी आहेत की मूळ औषधापेक्षा वाईट, हे प्रत्येक औषधाबाबत तपासावे लागते. पुरेसा वेळ दिला तर शेवटी उरावेत कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि काही क्षार. पण मध्येच थांबलो तर काय राहिले, ते पाहिलेच पाहिजे.

दुसरी ही, की हायड्रॉक्सिलला विवेक नाही. औषध आणि वरणाचे पाणी त्याला सारखेच. मैलापाण्यात औषध कणभर आणि घाण मणभर. तशाच पाण्यावर वीज सोडली तर ती सगळी घाण मोडण्यातच खर्ची पडते. म्हणून आधी जंतूंना त्यांचे काम करू द्यावे आणि उरलेल्या स्वच्छ पाण्यावर हा उपाय करावा.

तिसरी उणीव नायट्रोजनची. हवा वापरली की तिच्यातल्या नायट्रोजनचे नायट्रेट होऊन पाण्यात उतरते आणि पाणी आंबटते. चौथी, आणि संसारी माणसाला चटकन कळणारी, म्हणजे विजेचे बिल. शिवाय प्लाझ्माचे काम चालते ते पाण्याच्या पृष्ठभागाशी. म्हणून पाणी पापुद्र्यासारखे पातळ किंवा तुषारांसारखे बारीक करावे लागते. टेबलावर हे सोपे आहे. सबंध शहराच्या पाण्याचा पापुद्रा करणे सोपे नाही.

“मग एवढा खटाटोप कशाला?” मी विचारले.

“कारण सगळ्या शहराचं पाणी धुवायची गरजच नाही,” तो म्हणाला. “औषध जिथे दाट आहे तिथेच त्याला गाठायचं. कारखान्याच्या दाराशी, रुग्णालयाच्या गटाराशी. नदीत मिसळल्यावर ते शोधत हिंडण्यापेक्षा ते स्वस्त.”

गवताच्या गंजीत सुई पडल्यावर शोधण्यापेक्षा ती डबीत असतानाच झाकण लावावे, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलेच शहाणपण आहे.

आणि ही वीज काही परवाची नाही. १८५७ साली जर्मनीत व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी काचेच्या नळ्यांत विजेचा असाच मूक स्फोट घडवून ओझोन बनवला. भाच्याच्या टेबलावरची नळी त्याच घराण्यातली. फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ साली पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध करायला सुरुवात केली. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदाच केला, की निवडक मोठ्या केंद्रांनी औषधांसारख्या सूक्ष्म प्रदूषकांतले ८० टक्के काढून टाकावेत. बहुतेक ठिकाणी हे काम ओझोन किंवा कार्यक्षम कोळसा करतो, आणि खर्चासाठी माणशी वर्षाला कमाल ९ फ्रँक पट्टी आहे. म्हणजे ओझोनच्या रूपाने प्लाझ्मा तिथे कामाला लागलेलाच आहे. भाच्यासारख्यांची खटपट ही, की ओझोन वेगळा बनवून पाण्यात सोडण्याऐवजी वीज थेट पाण्यापाशीच न्यावी, म्हणजे अल्पायुषी हायड्रॉक्सिलही हाताशी येतो.

आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती असावे, याच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. २०२१ साली अंतिम नियम निघाले तेव्हा त्यांतून त्या मर्यादा गळाल्या होत्या. यंत्र कितीही चांगले असले, तरी ते लावायला भाग पाडणारा नियम नसेल तर ते टेबलावरच राहते. हे वाक्य भाच्याचे नाही, माझे आहे.

आणि घरी? २०२५ साली केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने उरलेल्या औषधांविषयी सूचना काढल्या. चुकून कोणी घेतली तर जिवावर बेततील अशी सतरा औषधे, बहुतेक तीव्र वेदनाशामके, तेवढी लगेच संडासात सोडून द्यावीत. बाकीची मोरीत किंवा कचऱ्यात न टाकता गोळा करून रीतसर नष्ट व्हावीत. केरळने त्याच वर्षी घरोघरची जुनी औषधे परत घेण्याची योजना कोझिकोडला सुरू केली. आपल्या गल्लीतल्या औषधवाल्याने दुकानात अशी एक पेटी ठेवावी, हे मागणे काही फार नाही. आणि त्याहून सोपे म्हणजे लागतील तेवढ्याच गोळ्या विकत घेणे, आणि अँटिबायोटिक दिले असेल तर दहाच्या दहा घेणे.

या आषाढीनंतर गर्दी ओसरल्यावर मी आईला पंढरपूरला घेऊन गेलो. दर्शन झाले. वाळवंटात आई पाण्याशी वाकली, ओंजळ भरली, क्षणभर पाहिली आणि कपाळाला लावून सोडून दिली. पूर्वी ती प्यायची. बरोबर आणलेली बाटली मात्र तिने भरून घेतली.

परवा भाचा आला तेव्हा तिने ती त्याच्यापुढे ठेवली. “ही तुझ्या त्या विजेखाली धर.”

तो हसला. “आजी, एका बाटलीनं चंद्रभागा कशी शुद्ध होणार?”

“अरे, मग बिघडली ती तरी काय एका मोरीनं?” आई म्हणाली.

भाच्याने बाटली पिशवीत ठेवली. पत्र्याचा डबा अजून फळीवर आहे. त्यात आता माझी औषधे असतात.